छतावरून दिसणाऱ्या मुली (जुन्या लाइव्ह टीव्हीवरचे नाच)

पैंजण

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा सगळा दिवस पलंगावर, हातात टॅब. आधी कीर्तनं, मग पाककृती, मग यूट्यूब नेईल तिकडे. परवा मी स्वयंपाकघरात होते तर हाक आली, "अगं, ये लवकर, रांगोळी हलतेय बघ."

गेले. काळापांढरा, धुरकट व्हिडिओ. मध्ये ठिपका आणि भोवती पाकळ्या. पाकळ्या मिटल्या, उमलल्या, एकाआड एक वर आल्या, मग सगळं फूल सावकाश अर्धं फिरलं. चित्र बदललं आणि समोरून दिसलं की त्या मुली आहेत, जमिनीवर आडव्या, आणि पाकळ्या म्हणजे त्यांचे पाय. आई म्हणाली, "अगोबाई, बायका आहेत होय!"

तेव्हापासून मी यात अडकले आहे. जेवढं कळलं ते इथे टाकते, जाणकारांनी भर घालावी.

या होत्या जून टेलर डान्सर्स. जून टेलर शिकागोची, जन्म १९१७. पोरवयातच कोरसमध्ये, म्हणजे समूहनाचात, नाचायला लागली. विशीत क्षयाने गाठलं आणि तिचं स्वतःचं नाचणं जवळजवळ तिथेच थांबलं. बरी झाल्यावर तिने दुसऱ्यांना नाचवायला घेतलं, स्वतःचा संच उभा केला. १९४८ साली सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर सूत्रधार एड सलिव्हनचा 'टोस्ट ऑफ द टाउन' हा करमणुकीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात तिच्या सहा मुली होत्या, त्यांना 'टोस्टेट्स' म्हणत. दोन वर्षांनी ड्युमाँट नावाच्या वाहिनीवर जॅकी ग्लीसन हा विनोदी नट 'कॅव्हलकेड ऑफ स्टार्स' करू लागला तेव्हा जून तिकडे गेली, आणि १९५२ मध्ये ग्लीसन सीबीएसवर आला तो तिला घेऊनच. सहाच्या सोळा झाल्या. कार्यक्रमाची सुरुवातच त्यांच्या नाचाने व्हायची. १९५५ साली तिला नृत्यदिग्दर्शनाचं एमी, म्हणजे तिकडचं टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं.

छतावरून नाच दाखवायची कल्पना काही तिची नव्हे. हॉलीवूडमध्ये नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली १९३०च्या दशकातच ते करून बसला होता. पण सिनेमात चुकलं तर पुन्हा घेता येतं. इथे शनिवारी रात्री आठ वाजता कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की लागला.

मला टोचलेली गोष्ट सांगते. मी चौदा वर्षं कथक शिकले. एकेक परण (पखवाजाच्या बोलांवरची रचना) आमच्या गुरू ताईंनी सहा-सहा महिने घोटून घेतली, आणि ती मी आजही झोपेतून उठवलंत तरी नाचेन. या मुली आठवडाभर नवा नाच बसवायच्या, शनिवारी एकदा नाचायच्या, रविवारी तो नाच रद्दीत. सोमवारपासून दुसरा. एवढं करून लोकांच्या डोळ्यांपुढे राहिलं काय, तर पायांचं फूल. त्या फुलात एकीचंही तोंड ओळखू येत नाही.

पहिल्यांदा बघताना मी हरखले. चौथ्यांदा बघताना मला राग यायला लागला. असं आणखी कुणाला होतंय का?

जुनाट_रेडिओ

राग मागाहून करा, आधी टीव्हीचा डबा केवढा होता ते बघा.

त्या काळी घरातल्या टीव्हीची काच दहा-बारा इंचांची. चित्राचा आकार चारास तीन, म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीसारखा चौकोनी. सोळा मुली रंगमंचावर एका ओळीत उभ्या केल्या आणि सगळ्या बसतील इतका कॅमेरा मागे घेतला तर काय दिसणार? मुंग्यांची रांग. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. त्याच सोळाजणी गोलात झोपवून वरून बघितल्या की चित्र काठोकाठ भरतं. त्या बाईने पडद्याचा आकार ओळखला, एवढंच.

दुसरी गोष्ट. रंगमंच आडवा असतो, प्रेक्षकाला डावी-उजवीकडचं सगळं दिसतं. कॅमेऱ्याला दिसतो तो पाचरीचा आकार: भिंगाजवळ चिंचोळा, मागे रुंद. म्हणजे पुढे आलेली नर्तकी दोन पावलं बाजूला सरकली की चित्राबाहेर. उलट कॅमेऱ्याच्या दिशेने दोन पावलं धावत आली की अंगावर आल्यासारखी दिसते. नाटकाच्या रंगमंचावरून आलेल्या नृत्यदिग्दर्शकांना हे नव्याने शिकावं लागलं.

तिसरी. त्या कॅमेऱ्यांना झूम नसायचं. पुढे एक चकती, तिच्यावर चार भिंगं. भिंग बदलायचं तर चकती फिरवायची, आणि फिरवताना चित्र हलणार, म्हणून तेवढ्यात दिग्दर्शकाने दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारायची. म्हणजे कुठल्या मात्रेला कुठला कॅमेरा, हेही नाचाइतकंच बसवायला हवं. नाचणारी एका मात्रेने मागे पडली तर तिची गिरकी दिसण्याऐवजी तिची पाठ दिसणार. मी आकाशवाणीतला माणूस, पण नियंत्रण कक्षात काय तंतरते ते मला चांगलं ठाऊक आहे.

खवट

सगळं मान्य. पण याला नाच का म्हणायचं? कवायत आहे. शाळेत १५ ऑगस्टला मनोरे करतात त्यातला प्रकार.

पैंजण

@जुनाट_रेडिओ, काका, हे पाचरीचं फारच भारी. म्हणजे फूल केलं ते हौस म्हणून नव्हे, काच लहान म्हणून. राग अर्धा उतरला.

@खवट, तुमची आयडी सार्थ आहे.

लंडनची_पायरी

खवटरावांच्या कवायतीवरून: आमच्या इथल्या टिलर गर्ल्स आठवल्या. मँचेस्टरच्या जॉन टिलरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा प्रकार काढला. एकाच उंचीच्या मुली, हात एकमेकींच्या कमरेमागून गुंफलेले, आणि पाय एका दोरीने ओढल्यासारखे वर. कमरेमागून हात घालण्यातली मेख अशी की शेजारणीचा तोल, तिची लय थेट हाताला कळते. बघायला लागत नाही.

सप्टेंबर १९५५ मध्ये आयटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि लगेच 'संडे नाइट ॲट द लंडन पॅलेडियम' आलं. प्रत्यक्ष थिएटरातून, थेट. त्यात टिलर गर्ल्स हव्यातच. शेवटी सगळे कलाकार फिरत्या रंगमंचावर उभे राहून हात हलवत निरोप घ्यायचे. इथल्या सत्तरीच्या पुढच्या कुणाला विचारा, तो निरोप हमखास आठवतो.

बाकी कवायत म्हणणाऱ्याने लेझमीच्या ताफ्यात दहा मिनिटं उभं राहून दाखवावं.

शेजारीण

तुम्ही सगळे ओळीतल्या मुलींवरच अडकलात. मी एका बाईचं नाव टाकते: इमोजीन कोका.

एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर १९५० ते १९५४ 'युअर शो ऑफ शोज' चालला. शनिवारी रात्री दीड तास, थेट. विनोदी नट सिड सीझर आणि ही. दीड तासात प्रहसनं, गाणी, ऑपेरा आणि नाचही. निर्माता मॅक्स लीबमन याचं म्हणणं दिसतं असं की प्रेक्षकाला हसवता हसवता बॅलेही दाखवावं. नृत्यदिग्दर्शक जेम्स स्टारबक हा खऱ्याखुऱ्या बॅले कंपनीतून, बॅले रूस द माँटे कार्लोमधून आलेला. त्यात बॅम्बी लिन आणि रॉड अलेक्झांडर ही जोडी नाचायची, माटा आणि हारी नावाची जोडी मूकाभिनयाच्या अंगाने नाचायची, हॅमिल्टन ट्रायो होतं.

आणि कोका. जन्म १९०८, लहानपणापासून नाच शिकलेली, व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या रंगमंचीय खेळांत, वाढलेली. ती बॅलेचं विडंबन करायची, आणि तिचा जोडीदार कोण, तर स्वतः स्टारबक. मी त्यातला एक तुकडा पाहिला. पायाच्या चवड्यावर ती अगदी शुद्ध उभी राहते. हात सुंदर, मान सुंदर. आणि डोळे मात्र, भाजीवाल्याने पैसे कमी परत दिलेत अशा नजरेने इकडेतिकडे. त्या एका डोळ्यांवर सगळा हशा. नाच येत नाही म्हणून धडपडणं सोपं असतं. हिला येत होता म्हणून नेमकं कुठे वाकडं करायचं ते कळत होतं. आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या लावणीची नक्कल करतो ना, त्याला ताल कुणापेक्षा कमी कळत नाही. तसंच.

अडाणीताल

वाचतोय. मला नाचातलं शून्य कळतं, पण लाइव्ह म्हटल्यावर कुणी पडलंबिडलं का, हा प्रश्न पडला.

जुनाट_रेडिओ

पडलं ना. नर्तकी नव्हे, खुद्द ग्लीसन. ३० जानेवारी १९५४, चालू कार्यक्रमात घसरला आणि पाय मोडला. पुढचे काही आठवडे घरी. अंगाने अवाढव्य माणूस, पण पावलं मोठी हलकी होती त्याची. शेवटी जून टेलरची बहीण मॅरिलिन, जी त्याच संचात नाचायची, तिच्याशी त्याने १९७५ मध्ये लग्न केलं. हे अवांतर.

कंदील

धाग्यात अजून एक बाजू आलेली नाही. त्या गुळगुळीत ओळींमध्ये काळी मुलगी दिसते का बघा. दिसायची नाही. काळे नर्तक यायचे ते पाहुणे म्हणून, एकटे, पाच मिनिटांसाठी.

पण त्या पाच मिनिटांत काय करून जायचे! क्लेटन 'पेग लेग' बेट्स. दक्षिण कॅरोलिनातला. बाराव्या वर्षी गिरणीच्या यंत्रात डावा पाय गेला. लाकडी पाय लावून तो टॅप (बुटाला पत्रे लावून पायांनी ताल वाजवायचा नाच) नाचायला लागला आणि असा की एका बाजूचा आवाज लाकडाचा, दुसऱ्या बाजूचा बुटाच्या पत्र्याचा. दोन वेगळे बोल, तबला-डग्ग्यासारखे. एड सलिव्हनने त्याला वीसपेक्षा जास्त वेळा बोलावलं. याच बेट्सने १९५१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल डोंगरात स्वतःचं रिसॉर्ट काढलं, कारण तिथल्या बाकीच्या हॉटेलांत काळ्यांना पाहुणे म्हणून कोण घेणार.

दुसरा आर्थर डंकन. १९५४ मध्ये अभिनेत्री बेटी व्हाइटचा एनबीसीवर रोजचा कार्यक्रम होता, त्यात तो नाचायचा-गायचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही टीव्ही केंद्रांनी धमकी दिली की याला काढा, नाहीतर कार्यक्रम दाखवणार नाही. बेटी व्हाइटने साफ सांगितलं की तो राहणार, तुमचं तुम्ही बघा. उलट त्याला जास्त वेळ दिला. कार्यक्रम त्याच वर्षाअखेर बंद झाला. डंकन पुढे १९६४ पासून बँडवाल्या लॉरेन्स वेल्कच्या टीव्ही कार्यक्रमात जवळजवळ अठरा वर्षं टॅप नाचला. २०२३ मध्ये गेला, ९७ वर्षांचा होऊन.

आणि एक छोटीच गोष्ट. १९५२ मध्ये 'कोलगेट कॉमेडी अवर'मध्ये सॅमी डेव्हिस ज्युनियर नाचून घामाघूम झाला. सूत्रधार एडी कँटरने स्वतःचा रुमाल काढून त्याचं कपाळ पुसलं. नंतर पत्रांचा पाऊस पडला, शिव्यांचा. घाम पुसला म्हणून.

पैंजण, तुम्ही म्हणालात की फुलात तोंड दिसत नाही. यांची तोंडं दिसत होती, आणि त्याचाच लोकांना त्रास होत होता.

शेजारीण

कंदील, रुमालाचं वाचून थांबलेच. पेग लेग बेट्सवरून सुधा चंद्रन आठवणारच होती, तशी आठवली.

खवट

मान्य. हे कवायत नव्हे.

एडिसनकर

इकडे न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे जुन्या मालिकांच्या वाहिन्यांवर यातलं बरंच बघितलंय. दोन गोष्टी टाकतो.

एक, 'युअर हिट परेड'. आठवड्याची सर्वांत गाजलेली सात गाणी सादर करायची, थेट. गंमत अशी की गाणं गाजलं की ते पुढच्या आठवड्यातही यादीत, त्याच्या पुढच्याही. मग तेच गाणं, पण देखावा नवा, नाच नवा. एकदा रेल्वे स्टेशन, मग कोळीवाडा (म्हणजे त्यांचा), मग शेत. टोनी चारमोली नृत्यदिग्दर्शक होता, त्याला त्या गाण्यांचा किती वीट आला असेल! बिनाका गीतमाला दर आठवड्याला नाचून दाखवायची असती तर काय झालं असतं याचा विचार करा. सुरुवातीच्या काळात याच कार्यक्रमात मेरी ॲन नाइल्स आणि तिचा नवरा ही जोडी नाचून गेली. नवरा म्हणजे बॉब फॉसी, पुढे ऑस्कर मिळवणारा.

दोन, पैंजणला पुन्हा राग आणणारी गोष्ट. ओल्ड गोल्ड सिगारेटची जाहिरात. माणसाएवढी सिगारेटची पाकिटं नाचायची, शेजारी काड्यापेटी. पाकिटाखाली फक्त पाय, पांढऱ्या बुटांतले. आतल्या मुलीचं डोकं, हात, सगळं खोक्यात. तेव्हा कार्यक्रमच प्रायोजकाच्या मालकीचे, त्यामुळे जाहिरात आणि नाच यांच्यात भिंत नव्हतीच.

पैंजण

राग आला. धन्यवाद.

एक सांगा, हे सगळं थेट व्हायचं तर मग आईच्या टॅबवर कुठून आलं?

जुनाट_रेडिओ

किनेस्कोप. टीव्हीच्या पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवायचा आणि चाललेलं चित्र फिल्मवर टिपायचं. आपण टीव्हीवरचं मोबाइलने शूट करतो तस्संच. १९५१च्या सप्टेंबरपर्यंत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया जोडणारी थेट जोडणीच नव्हती, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्यांना हीच फिल्म नंतर दाखवायचे. टीव्हीची चित्रं सेकंदाला ३०, फिल्मची २४. मधली सहा कुठेतरी मुरवायची, म्हणून वेगवान हालचाल फराटते. टॅप नाचणाऱ्यांचे पाय धुक्यात गेल्यासारखे दिसतात ते त्यामुळे. चित्रफीत, म्हणजे व्हिडिओटेप, आली १९५६ मध्ये.

ड्युमाँट बंद पडल्यावर त्यांच्या किनेस्कोपचा साठा हळूहळू नष्ट झाला. त्यातला बराचसा १९७०च्या दशकात ट्रकमध्ये भरून न्यूयॉर्कच्या खाडीत टाकला, असं अभिनेत्री एडी ॲडम्सने १९९६ मध्ये सरकारी सुनावणीत सांगितलं. म्हणजे जून टेलरचे ड्युमाँटवरचे नाच काही उरलेत, बाकीचे बहुतेक पाण्यात.

तिसरी_रांग

मी इथे फारशी लिहीत नाही. पण धागा वाचून राहवेना.

पैंजण, तुमचा राग कळतो, पण मी फुलातली मुलगी होते, म्हणून सांगते. ठाण्यात कॉलेजात असताना आणि नंतर आठ-नऊ वर्षं मी समूहनृत्यात नाचले. पुरस्कार सोहळे, चॅनलचे कार्यक्रम, एकदा १ मेचा मोठा मैदानावरचा. आयडी उगाच घेतलेली नाही. उंची जास्त, म्हणून कायम तिसऱ्या रांगेत.

मैदानावरच्या कार्यक्रमात ड्रोन होता. चौसष्ट मुली, नऊवारीत, कमळ करायचं होतं. तालीम चालू असताना दिग्दर्शक शिडीवर चढून बघत होते आणि ओरडले, "भांग! सगळ्यांचे भांग मधोमध काढा!" आम्हाला कळेना. खाली उतरून म्हणाले, वरून मला तुमचं तोंड दिसत नाही, भांग दिसतो. अर्ध्या कमळाचा डावीकडे, अर्ध्याचा उजवीकडे, विस्कटल्यासारखं वाटतंय. मग गजरेही सगळ्यांचे एकाच बाजूला. आडवं पडल्यावर अंबाड्याचे आकडे टाळूत रुततात, आणि मान हलवायची नसते. पाठीखालचा चटईचा पट्टा दुपारच्या उन्हात तापलेला. वर बघायचं तर सूर्य. सोळा मोजेपर्यंत डोळे बंद ठेवायचे, सतराव्याला उघडून हसायचं. ड्रोनकडे बघून हसलो, त्यात कुणाचे दात दिसले असतील देव जाणे.

पैशांचं म्हणाल तर त्या आयोजकांनी ते सात महिन्यांनी दिले, तेही अर्धे. त्याचा राग आजही आहे. पण फुलाचा नाही. शेजारणीचा श्वास आपल्या कानाशी येतो, आणि चौसष्ट जणींचा पाय एकत्र उठतो तेव्हा आपलं वजन आपल्याला लागत नाही. एकल नाचात मला हे कधी मिळालं नाही. एकल मी वाईट नाचायचे, हेही आहेच.

कार्यक्रमाचा व्हिडिओ घरी लावला तेव्हा माझी भाची, चार वर्षांची, लगेच म्हणाली, "ही मावशी." कशावरून, तर माझा गजरा सुटून कानावर आला होता. चौसष्टांत एकच.

अडाणीताल

तिसरी_रांग, तुम्ही जास्त लिहीत जा.

लंडनची_पायरी

+१. भांग वाचून मी उठून जुने टिलर गर्ल्सचे फोटो बघितले. केस सगळ्यांचे टोपीखाली. प्रश्नच मिटवलेला.

जुनाट_रेडिओ

मलाही आता तुमच्या त्या क्लिपा परत बघाव्या लागणार.

एक राहिलं. १९६४ मध्ये ग्लीसन कार्यक्रम घेऊन मायामी बीचला गेला, जून टेलरही गेली. तिथला कार्यक्रम १९७० मध्ये संपला. पुढे १९७८ पासून ती मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चिअरलीडर मुलींचे नाच बसवायची. म्हणजे साठीतही बाई मैदानावरच, आणि वरून बघणारे प्रेक्षक स्टेडियमच्या उंच रांगांत. २००४ मध्ये गेली.

पैंजण

तिसरी_रांग, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "गजरा सुटलेली सापडली का आपल्या व्हिडिओत?"

मग आम्ही दोघींनी शोधली. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा. आई पाकळ्या बोटाने मोजत होती. सापडली. फूल उमलताना बाकी सगळ्या एकदम उघडतात आणि उजवीकडे, घड्याळात चार वाजतात तिथली, किंचित मागाहून. अर्धी मात्रा असेल. मिटताना मात्र बरोबर.

फिजिओथेरपिस्टने आईला झोपून पाय सरळ उचलायचे व्यायाम दिलेत, दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. रोज त्यावरून भांडण. आज सकाळी चहा घेऊन गेले तर टॅब उशीला टेकवलेला, व्हिडिओ चालू, आणि आई पलंगावर आडवी पडून पाय उचलतेय. मी म्हटलं, अगं, सावकाश, त्यांच्या लयीत नको करूस. तर म्हणते, "त्यांच्याबरोबर कुठे करतेय? मी त्या चार वाजताच्या बाईबरोबर करतेय."

चौदा झाले.